एन-४ पास झालात, पण तोंड उघडत नाही? जपानी बोलण्यासाठी व्हीआर असं वापरा

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलायची परीक्षाच नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण एवढ्यावर सोप्या एन-५ पासून अवघड एन-१ पर्यंतची सगळी प्रमाणपत्रं मिळतात. क्लासही मग त्याच अंगाने चालतात. पुण्या-मुंबईत एन-४, एन-३ पास झालेली पुष्कळ मुलं भेटतात, ज्यांची जिकोशोकाई, म्हणजे स्वतःची ओळख, घडाघडा पाठ असते. समोरच्याने दुसरा प्रश्न विचारला की मात्र गाडी अडते. जपानने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'तोकुतेइ गिनो', म्हणजे कुशल कामगारांच्या, व्हिसावर जाऊ पाहणाऱ्यांचंही तेच. त्यांची जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा संगणकावर पर्याय निवडून द्यायची असते, आणि काइगो म्हणजे वृद्धसेवेच्या कामावर रुजू झालं की पहिल्या सकाळपासून तिथल्या आजी-आजोबांशी बोलावं लागतं.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून भासमान जगात वावरणं, या खिंडीत कामाला येतं, आणि माझ्या मते एवढ्यापुरतंच येतं. कांजी म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, व्याकरण, शब्दसंग्रह हे सगळं हेडसेटच्या बाहेर, वही-पुस्तक आणि अँकीसारख्या कार्डं घोकायच्या ॲपवर जास्त चांगलं आणि स्वस्तात होतं. हेडसेट चढवून शब्दांची कार्डं घोकणं म्हणजे तलावात उतरून पोहण्याचं पुस्तक वाचण्यासारखं आहे. तसं करायला लावणारी ॲप्स दुकानात बरीच आहेत. त्यांच्या जाहिरातींना भुलू नका.

मग व्हीआर नेमकं शिकवतं काय? जिथे भाषा जागेला, दिशेला, हातातल्या वस्तूला चिकटलेली असते, तिथे ते चांगलं शिकवतं. 'कोरे, सोरे, आरे' घ्या. माझ्याजवळ आहे ते कोरे, तुमच्याजवळ आहे ते सोरे, दोघांपासून लांब ते आरे. आपल्याला 'हे' आणि 'ते' अशा दोनच खणांची सवय, त्यामुळे वहीत बरोबर लिहिणारा माणूसही बोलताना सोरेच्या जागी आरे म्हणतो. व्हीआरमध्ये समोर एक माणूस उभा आहे, त्याच्या हातात पेला आहे, आणि तो तुम्हाला हवा आहे. "सोरे तोत्ते", ते दे, म्हणावंच लागतं. तीन-चार वेळा हात पुढे करून मागितलं की सोरे जागेवर बसतं. रस्ता सांगणं, वस्तू मोजणं, मान डोलावून हुंकार देणं, वाकून नमस्कार करणं, हे सगळं याच जातीचं.

हे सगळं किमान एन-५ च्या आसपास असलेल्यांसाठी आहे. हिरागाना-काताकाना या दोन लिप्या झरझर वाचता येत नसतील तर आधी ते करा. हेडसेट कुठे पळून जात नाही.

पैसे किती घालायचे

आधी एक गोष्ट सांगतो, जी हेडसेट विकणारे सांगणार नाहीत: सुरुवात शून्य रुपयांत होते. जपानी लोकांशी बोलण्यासाठी सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे व्हीआरचॅट, जिथे लोक आपापला अवतार घेऊन गप्पा मारतात, आणि ते साध्या विंडोज संगणकावर, हेडसेटशिवायही फुकट चालतं. ग्राफिक्स जेमतेम असलं तर अडखळेल, पण ऐकता-बोलता येतं. अँड्रॉइड फोनवरही आहे, फोन जरा दमदार लागतो. महिनाभर असं वापरून बघा. त्यातच कंटाळा आला तर हेडसेट घेऊनही येणारच आहे.

पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात फोन घालायचा प्रकार अजून मिळतो. गूगलने आपला कार्डबोर्ड २०१४ मध्ये आणला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबवली, पण तशाच बनावटीचे डबे बाजारात आहेत. यात चारही दिशांना दिसणारे ३६० अंशांचे व्हिडिओ बघता येतात, बोलता येत नाही. घेण्याआधी फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन वळला हे ओळखणारा सेन्सर, आहे का ते तपासा. यूट्यूबवर कुठलाही ३६० व्हिडिओ लावून फोन हातात धरून गोल फिरा, चित्र फिरलं तर आहे. स्वस्त फोनमध्ये बरेचदा नसतो.

खरा अनुभव स्वतंत्र हेडसेटचा, ज्याला संगणक लागत नाही. यात मेटाचे क्वेस्ट सगळ्यात जास्त दिसतात. क्वेस्ट थ्री ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्याचा स्वस्त भाऊ थ्रीएस ऑक्टोबर २०२४ मध्ये. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत अनुक्रमे ४९९ आणि २९९ डॉलर होती. भाषेच्या कामासाठी थ्रीएस पुरतो. आपल्याकडे बरेच विक्रेते बाहेरून आणलेला माल विकतात, म्हणून बिल जीएसटीचं आहे का आणि वॉरंटी कोण देणार, विक्रेता की कंपनी, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. कोणी अमेरिका-सिंगापूरहून येणार असेल तर तिथून मागवणं सोपं पडतं, पण बिघडला तर तो तिकडेच पाठवावा लागेल हे धरून चाला. जुना क्वेस्ट टू स्वस्तात मिळाला तरी हरकत नाही. फक्त काचांवर ओरखडे आणि हातात धरायच्या कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकते का, एवढं बघून घ्या.

डोळे, डोकं आणि छताचा पंखा

हेडसेट आल्या आल्या व्हीआरचॅट उघडू नका. पहिला दिवस तो नीट बसवण्यात घालवा.

दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं, मोठ्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास. चष्म्याच्या दुकानात ते फुकट मोजून देतात, तुमच्या नंबरच्या कागदावर 'पीडी' म्हणून लिहिलेलंही असू शकतं. क्वेस्ट थ्रीला हे अंतर बदलायला चाक आहे, थ्रीएसला तीन खाचा आहेत. हे चुकलं तर अक्षरं धूसर दिसतात आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकतं. लोक मग म्हणतात, व्हीआर मला सोसत नाही. चष्मा असेल तर चष्म्यासाठीची चौकट लावा, नाहीतर चष्म्याची काच हेडसेटच्या काचेवर घासते आणि दोन्ही जातात. हेडसेटचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बसला पाहिजे. हे वजन अर्ध्या किलोचं आहे, सगळं गालांवर आलं तर वीस मिनिटांत काढून ठेवाल.

आणि हेडसेट खिडकीपाशी ठेवू नका. आतल्या भिंगांतून ऊन पडद्यावर एका बिंदूत गोळा होतं आणि कायमचा डाग पडतो. आपल्याकडे दुपारी गॅलरीच्या दारातून येणारं ऊन त्याला पुरेसं आहे.

जागा साधारण दोन मीटर बाय दोन मीटर लागते. वन बीएचकेत ती हॉलमध्येच निघते, टीपॉय सरकवून. हेडसेटमध्ये या जागेची सीमारेषा आखताना छताकडेही बघा. आपल्या घरांत पंखा असतो, आणि उत्साहात हात वर करून "आरे!" म्हणणाऱ्या उंच माणसाचा कंट्रोलर पात्यांना लागू शकतो. पंखा लावून बसायचं असेल, आणि वाऱ्याने मळमळ कमी होते म्हणून लावावाच, तर खुर्चीत बसून करा. बोलायच्या सरावाला उभं राहावं लागत नाही. उभंच राहायचं असेल तर पायाखाली छोटी सतरंजी घाला. तळव्यांना तिची कड लागली की आपण सरकलो हे डोळे झाकलेले असतानाही कळतं.

मळमळीचं कारण साधं आहे: डोळे सांगतात आपण चालतोय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं आपण बसलोय. उपाय म्हणजे चालण्याची पद्धत 'टेलिपोर्ट'वर ठेवणं, म्हणजे बोट दाखवलं की तिथे पोचायचं, मधलं सरकणं दिसत नाही. वळणंही तुकड्या-तुकड्यांनी ठेवा. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांवर जाऊ नका. घाम, जांभया, तोंडाला पाणी सुटणं यातलं काहीही सुरू झालं की त्याच क्षणी काढा. 'अजून पाच मिनिटं, सवय होईल' असं करणाऱ्यांना सवय होत नाही, हेडसेट नुसता दिसला तरी पोटात ढवळायला लागतं.

पहिला टप्पा: एकट्याने ओकायामात चाला

माणसांसमोर जाण्याआधी एकट्याने मोठ्याने बोलायची लाज घालवायची. त्यासाठी वँडर नावाचं ॲप घ्या. विकत आहे, पण गूगलची स्ट्रीट व्ह्यू चित्रं ते तुमच्याभोवती उभी करतं. हेडसेट नसेल तर हाच सराव लॅपटॉपवर गूगल मॅप्समध्येही होतो. फरक एवढाच की तिथे डावं-उजवं माऊसने होतं, इथे अख्खं अंग वळवावं लागतं, आणि 'मिगी' (उजवं) नि 'हिदारी' (डावं) अंगात मुरायला तेच हवं असतं.

लोक पहिल्यांदा तोक्योत शिबुयाला जातात. गर्दीच्या त्या चौकात पाट्याच इतक्या की काय वाचावं कळत नाही. त्यापेक्षा मध्यम आकाराचं शहर घ्या. पुण्यातल्या वाचकांना मी ओकायामा सुचवतो. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे, ती ओकायामात आहे. इकेदा घराण्याच्या सरदाराने करवून घेतलेली ती बाग १७०० साली पुरी झाली. शेजारीच नदीपलीकडे काळ्या भिंतींचा किल्ला आहे, त्याला तिकडे कावळ्याचा किल्ला म्हणतात.

ओकायामा स्टेशनच्या पूर्वेच्या तोंडाशी उतरा. समोर मोमोतारो-ओदोरी हा रुंद रस्ता सुरू होतो, मधोमध ट्राम धावते. आता प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ते तोंडाने सांगायचं. "मास्सुगु इकिमासु", सरळ जातो. थांबा आला की त्याचं नाव वाचा. शिरोशिताचा चौक आला की वळा: "त्सुगि नो कादो ओ हिदारी नि मागारिमासु", पुढच्या कोपऱ्यावर डावीकडे वळतो. पुढे असाही नदी आणि पूल, पलीकडे बाग. पोचल्यावर हाच रस्ता उलटा, पण या वेळी दुसऱ्याला सांगितल्यासारखा: "...मिगी नि मागात्ते कुदासाई", उजवीकडे वळा. उलट जाताना डावं-उजवं बदलतं, तिथेच जीभ अडखळते. अडखळली तर वाक्य पहिल्यापासून म्हणा.

मग मोठा रस्ता सोडून गल्लीत शिरा. चौकात रस्त्यावरच पांढऱ्या रंगात तीन अक्षरं रंगवलेली दिसतील, 'तोमारे', म्हणजे थांबा. वर लाल उलट्या त्रिकोणावर तेच. दुकानाच्या दाराला लटकलेल्या फळीवर 'एइग्यो-च्यू' असेल तर दुकान उघडं, 'जुम्बि-च्यू' असेल तर अजून तयारी चाललीय. 'च्यूशाजो' म्हणजे गाड्यांची जागा, 'तेइक्यूबी' म्हणजे ठरलेली सुट्टी. क्लासच्या पुस्तकात ही कांजी विखुरलेली येतात, इथे ज्या जागी असायला हवीत त्या जागी येतात. वाचता आली नाही तर थांबून शोधत बसू नका. हेडसेटमध्येच चित्र काढून घ्या आणि नंतर बघा. एका फेरीत पाच पाट्या पुरे.

या टप्प्याला दोन आठवडे द्या. बोलताना आवाज दबका येत असेल तर दार लावून घ्या. घरच्यांना एकदा काय चाललंय ते सांगून टाका, म्हणजे कोणी काळजीने डोकावणार नाही.

दुसरा टप्पा: खोटं दुकान, खरी वाक्यं

मोंडली व्हीआर, नाउन टाउन अशी ॲप्स या टप्प्याची. मोंडलीत रेल्वेचा डबा, टॅक्सी, हॉटेल, रेस्टॉरंट असे प्रसंग आहेत. पात्र बोलतं, तुम्ही उत्तर म्हणता, ते ओळखतं आणि पुढे सरकतं. नाउन टाउनमध्ये रंग उडालेलं गाव आहे, वस्तूचं नाव शिकलात की तिचा रंग परत येतो. मुलांना ते आवडतं. दोन्हींत जपानी आहे. पण ही ॲप्स थोडी वापरा आणि सोडा. त्यांचं ओळखयंत्र उदार असतं. उच्चार ओबडधोबड असला तरी पुढे जाऊ देतं, आणि विनयाची पातळी चुकली तर त्याला पत्ताच नसतो.

उच्चारांची कडक तपासणी हवी असेल तर फोनच्या कीबोर्डवर जपानी श्रुतलेखन चालू करा आणि त्यात बोला. आपण मराठी माणसं दीर्घ स्वर गिळतो. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो आणि बोलताना सगळं एक. जपानीत ते चालत नाही. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, 'बीइरु' म्हणजे बीअर आणि 'बिरु' म्हणजे इमारत. फोनने इमारत लिहिली तर तुमचा वेटरही इमारतच ऐकणार. जोडाक्षरांचा ठेका मात्र आपल्याला सहज जमतो, आणि 'त्सु'ही 'चमचा'तल्या च मुळे जड जात नाही.

खरा फायदा होतो तो दोघांनी मिळून केल्यावर. क्लासमधला एक मित्र पकडा. दोघांनी व्हीआरचॅटमध्ये खातं काढा. तिथे जागांना 'वर्ल्ड' म्हणतात, आणि जपानी लोकांनी हौसेने बांधलेली स्टेशनं, इझाकाया म्हणजे खाण्यापिण्याचे अड्डे, कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडी दुकानं, अशी वर्ल्ड्स भरपूर आहेत. एखादं उघडताना 'इन्व्हाइट' हा प्रकार निवडा, म्हणजे तुम्ही बोलावल्याशिवाय कोणी येत नाही. काही वर्ल्ड्स फक्त संगणकावर चालतात, क्वेस्टवर चालणाऱ्यांना तशी खूण असते.

एक जण दुकानदार, एक गिऱ्हाईक. कोंबिनीत गल्ल्यावरचा माणूस खरोखर काय विचारतो ते आधी लिहून घ्या, कारण पुस्तकातला 'कोरे वा इकुरा देसु का', हे केवढ्याला, तिथे जवळजवळ लागतच नाही. किंमत छापलेली असते. विचारलं जातं ते हे: "फुकुरो वा गो-रियो देसु का?" पिशवी हवी का. जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे घेणं सक्तीचं झालं, तेव्हापासून हा प्रश्न ठरलेलाच. जेवणाचा डबा घेतला की "ओ-बेंतो, आतातामेमासु का?" असं न चुकता ऐकू येतं, म्हणजे गरम करून देऊ का. "पोइंतो काआदो वा ओ-मोची देसु का?" पॉइंटचं कार्ड आहे का. ही तीन वाक्यं खरा दुकानदार श्वास न घेता म्हणतो. तुमच्या मित्रालाही तशीच म्हणायला सांगा, दयामाया नको. उत्तरं छोटी असतात: "ओनेगाई शिमासु" (हो, द्या) किंवा "दाइजोबु देसु" (शब्दशः 'ठीक आहे'). दुसऱ्याचा अर्थ इथे 'नको' असा होतो, हे पहिल्यांदा गोंधळात टाकतं.

वस्तू हातात घेऊन मोजा. बाटल्या 'इप्पोन, निहोन, सांबोन', कागद 'इचिमाई, निमाई'. मोजणीचे हे प्रत्यय तक्त्यावरून पाठ होतात आणि आठवड्यात उडतात. हातात तिसरी बाटली धरून सांबोन म्हटलेलं टिकतं.

प्रसंग कुठून घ्यायचे? जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर आवाजासकट फुकट आहे, आणि ते 'अमुक करता येतं' अशा कामांभोवतीच रचलेलं आहे. त्यातला एक पाठ, एक वर्ल्ड, एक संध्याकाळ.

तिसरा टप्पा: माणसं

इथवर आलात की व्हीआरचॅटच्या सार्वजनिक जागा. इंग्रजी-जपानी भाषा-अदलाबदलीसाठीचं वर्ल्ड शोधलं की मिळतं. तिथे येणाऱ्या जपानी लोकांना इंग्रजीचा सराव हवा असतो, आणि तो देण्याइतकं इंग्रजी आपल्याकडे असतं. हा व्यवहार बरोबरीचा ठेवा. अर्धा वेळ त्यांचा. तासभर फक्त आपलं जपानी रेटणारा माणूस दुसऱ्या दिवशी एकटा पडतो.

वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. तिकडे रात्री नऊ ते साडेअकरा ही गप्पांची वेळ, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच ते आठ. शुक्रवार-शनिवार जास्त गर्दी. आपण रात्री जेवून निवांत दहाला गेलो तर तिथले लोक झोपायला निघालेले असतात. अडचण एवढीच की साडेपाच ते आठ ही आपल्या घरातली कुकरच्या शिट्ट्यांची आणि टीव्हीची वेळ. हेडसेटचा माईक ते सगळं पकडतो, तेव्हा न बोलताना माईक बंद ठेवायची सवय लावा.

जाताना खिशात पाच वाक्यं असू द्या:

"निहोंगो ओ बेंक्यो शिते इमासु." जपानी शिकतोय.
"माचिगाएतारा नाओशिते कुदासाई." चुकलो तर सुधारा. हे म्हटल्याशिवाय जपानी माणूस तुमची चूक काढणार नाही, उलट 'जोझु देसु ने', छान येतं की, म्हणून कौतुक करेल. त्या कौतुकावर विसंबू नका.
"मो इचिदो ओनेगाई शिमासु." पुन्हा एकदा.
"इमा, नान्ते इइमाशिता का?" आत्ता काय म्हणालात?
"सोरोसोरो ओचिमासु." आता निघतो. ऑनलाइन जगात निघून जाण्याला 'ओचिरु', म्हणजे पडणं, म्हणतात. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

पहिल्या काही वेळी चार-पाच जणांच्या घोळक्याच्या कडेला उभं राहून नुसतं ऐका. मान डोलवा. हेडसेटमध्ये तुमची मान हलली की तुमच्या अवताराचीही हलते, आणि जपानी बोलणाऱ्याला समोरून 'उन, उन', 'सो देसु ने' असा हुंकार आला नाही तर तो मध्येच थांबतो. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर हा ठेका उशिरा पोचतो, इथे जमतो. न बोलणाऱ्यांना तिथे कोणी हसत नाही. जपानी व्हीआरचॅटमध्ये अजिबात आवाज न वापरणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे, त्यांना 'मुगोन-झेइ' म्हणतात. ते हातवाऱ्यांनी आणि हवेत पेनाने लिहून गप्पा मारतात. बुजऱ्या शिकणाऱ्याला त्यांची सोबत फार चांगली, कारण ते सावकाश लिहितात आणि वाचायला वेळ मिळतो.

एक धोका सांगायलाच हवा. तिथली भाषा अघळपघळ असते. बरोबरीच्या मित्रांचं बोलणं, अर्धवट वाक्यं, गेमर मंडळींची खास बोली. ती कानाला गोड लागते आणि पटकन चिकटते. मग कंपनीच्या मुलाखतीत 'सुमिमासेन'च्या, म्हणजे 'माफ करा'च्या, जागी काहीतरी भलतंच निघतं. म्हणून जे नवं ऐकलं ते सेन्सेईंना, म्हणजे आपल्या शिक्षकांना, विचारा: हे कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही? केइगो, म्हणजे आदराची भाषा, व्हीआरचॅटमध्ये शिकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. ती दुसऱ्या टप्प्यातल्या दुकानदार-गिऱ्हाईक खेळातच घोटा.

अनोळखी लोकांत जाताना जी काळजी, ती इथेही. पूर्ण नाव, कॉलेज, कंपनी, राहण्याचा भाग सांगू नका. टोपणनाव घ्या. कोणी अंगाशी येऊन त्रास दिला, आणि मुलींना तो जास्त होतो, तर वाद न घालता म्यूट किंवा ब्लॉक करा. ब्लॉक केलेला माणूस तुम्हाला दिसत-ऐकू येत नाही, तुम्ही त्याला नाही. सेफ्टी सेटिंगमध्ये अनोळखींचे आवाज आणि अवतार आधीच मर्यादित करून ठेवता येतात. अनोळखी माणसाने उघडलेल्या 'पोर्टल'मधून, म्हणजे दुसऱ्या वर्ल्डमध्ये नेणाऱ्या दारातून, लगेच जाऊ नका. विचारल्याशिवाय कोणाचं रेकॉर्डिंग करू नका, जपानी लोक याबाबतीत फार हळवे असतात. नोकरी-व्हिसाची बात काढणारा भेटला तर तिथेच रामराम. व्हीआरचॅटला वयाची अट १३ वर्षांची आहे, पण माझं मत विचाराल तर शाळकरी मुलांना सार्वजनिक जागांत एकटं सोडू नये. त्यांना वँडर आणि नाउन टाउन भरपूर झालं.

हेडसेट काढल्यानंतरची पंधरा मिनिटं

फायदा टिकतो की वाहून जातो ते इथे ठरतं. हेडसेट काढल्या काढल्या, चहा टाकण्याआधी, वही घ्या. तीन रकाने: जे म्हणायचं होतं आणि आलं नाही ते मराठीत, जे ऐकलं आणि कळलं नाही ते कानाला लागलं तसं देवनागरीत, जे जमलं ते जपानीत. पहिला रकाना सगळ्यात मोलाचा. 'ट्रेन चुकली म्हणून उशीर झाला' एवढं सांगता आलं नाही, हे कळलं की पुढच्या क्लासचा प्रश्न तयार. त्यातली पाचच वाक्यं अँकीत घाला, शब्द सुटे घालू नका.

आठवड्याचा मेळ साधारण असा बसतो: दोन संध्याकाळी वीस-वीस मिनिटं एकट्याने किंवा मित्राबरोबर, शनिवारी तासभर माणसांत, मध्ये विश्रांती घेऊन. हेडसेटची बॅटरीही दोन-अडीच तासांच्या पुढे जात नाही, ते बरंच आहे. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी असते, त्याआधीचा महिना हेडसेट कपाटात ठेवा. त्या परीक्षेला त्याचा उपयोग नाही आणि वेळ भरपूर खातो.

क्लास चालवणाऱ्यांसाठी

वीस विद्यार्थ्यांना वीस हेडसेट घ्यायची गरज नाही, एक पुरतो. हेडसेटमधलं दृश्य फोनवर किंवा टीव्हीवर दाखवता येतं. एकाने हेडसेट घालायचा, वँडरमध्ये अनोळखी गल्लीत उभं राहायचं, आणि टीव्हीकडे पाहणाऱ्या वर्गाने त्याला सांगितलेल्या जागी पोचवायचं, फक्त जपानीत. "आनो आकाई कांबान नो तोनारी!", त्या लाल पाटीशेजारी. हेडसेटवाल्याने 'दोरे?', कोणती, विचारायचं, वर्गाने नीट सांगायचं. मराठी शब्द निघाला की माणूस बदलायचा. मागच्या बाकावरची मुलंही ओरडायला लागतात.

दोघांमध्ये हेडसेट फिरवताना चेहऱ्याला लागणारा भाग पुसता येईल असा सिलिकॉनचा घ्या आणि दर वेळी पुसा. कोणाचे डोळे आले असतील तर त्याला त्या दिवशी द्यायचा नाही. काचा मात्र कोरड्या मऊ कापडानेच पुसायच्या, सॅनिटायझर लावला तर त्यांच्यावरचा थर जातो. आणि वर्ष संपल्यावर पुढच्या बॅचला किंवा बाहेर कोणाला विकायचा झाला, तर आधी फॅक्टरी रिसेट करा आणि खात्यातून तो हेडसेट काढून टाका, नाहीतर तुमच्या नावाने घेतलेली ॲप्स नवा मालक वापरत बसेल.